पावसात टार्पची दोरी ढिली का पडते? उत्तर सापडतं नायलॉन बनवणाऱ्या वॉलेस कॅरोथर्स यांच्या आयुष्यात

दोन झाडं, मध्ये हॅमॉक, वर तिरका ताणलेला टार्प आणि हातात चहाचा मग. असा एक तरी रील तुम्ही सेव्ह करून ठेवला असणार. मीही ठेवला होता. मग गेल्या पावसाळ्यात ऑनलाइन मागवलेली पॅराकॉर्ड वापरून ते प्रत्यक्षात करून पाहिलं. संध्याकाळी टार्प ढोलकीसारखा ताठ होता. मध्यरात्री पाऊस सुरू झाला आणि पहाटेपर्यंत टार्पच्या मधोमध पाण्याचं तळं साचून ते माझ्या पोटाला टेकलं होतं. एकही गाठ सुटली नव्हती. दोरीच लांब झाली होती.

घरी आल्यावर नवी दोरी शोधायला बसले, तर नायलॉन, पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन, डायनिमा अशी नावांची रांगच लागली. यातलं काय कशासाठी घ्यायचं, हे शोधता शोधता एका माणसापाशी पोहोचले. त्यांनी पॉलिएस्टरचा बळकट धागा आधी बनवला होता आणि तो बाजूला ठेवला होता. मग त्यांनी नायलॉन बनवलं. त्यातून दोरखंड आणि पॅराशूट होणार हे पाहायला मात्र ते राहिले नाहीत.

त्यांचं नाव वॉलेस ह्यूम कॅरोथर्स.

जमाखर्चाकडून केमिस्ट्रीकडे

कॅरोथर्स यांचा जन्म २७ एप्रिल १८९६ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टनचा. चार भावंडांत ते थोरले. वडील डे मॉइन शहरातल्या एका कमर्शियल कॉलेजात शिकवायचे, म्हणून मुलालाही आधी तिथेच घातलं. म्हणजे ज्या माणसाने पुढे रसायनशास्त्राचं एक अख्खं दालन उघडलं, त्याचं शाळेनंतरचं पहिलं शिक्षण जमाखर्चाचं होतं.

१९१५ मध्ये ते मिसुरीतल्या टार्किओ या छोट्या कॉलेजात गेले. तिथे केमिस्ट्रीचे प्राध्यापक कॉलेज सोडून गेले आणि पर्यायी माणूस मिळेना, तेव्हा विद्यार्थी असलेल्या कॅरोथर्स यांनाच वर्ग घ्यायला सांगण्यात आलं. त्यांनी ते घेतलेही. पुढे इलिनॉय विद्यापीठात रॉजर ॲडम्स यांच्या हाताखाली १९२४ मध्ये पीएचडी आणि १९२६ मध्ये हार्वर्डमध्ये शिकवण्याची नोकरी. कागदावर बघितलं तर सगळं सुरळीत.

पण वर्गासमोर उभं राहून बोलणं त्यांना फार जड जायचं. संगीत आणि वाचन हे जवळचे विषय, माणसं मोजकीच. आणि तरुणपणापासून नैराश्याचे झटके येत होते. यायचे, काही दिवस सगळं झाकोळून टाकायचे, मग ओसरायचे.

१९२७ मध्ये ड्युपाँ ही रसायन कंपनी त्यांच्याकडे आली. कंपनीतले चार्ल्स स्टाइन यांना एक वेगळीच प्रयोगशाळा काढायची होती. तिथे उद्या विकता येईल अशा मालावर नाही, तर शुद्ध विज्ञानावर काम व्हावं असा त्यांचा आग्रह होता. कॅरोथर्स यांनी आधी नकार दिला. कंपनीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच्या आजाराबद्दल मोकळेपणाने सांगितलं आणि हार्वर्डपेक्षा कंपनीच्या वातावरणात त्याचा जास्त त्रास होईल अशी भीती व्यक्त केली. नोकरीच्या बोलणीत कोण असं लिहितं? आजही लोक लिहीत नाहीत, तेव्हा तर सोडाच. कंपनीचा माणूस पुन्हा समजूत काढायला गेला आणि फेब्रुवारी १९२८ मध्ये कॅरोथर्स डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनला रुजू झाले.

पाकाची तार

तेव्हा रसायनशास्त्रात एक जोरदार वाद सुरू होता. रबर, रेशीम, कापूस हे पदार्थ नेमके कशाचे बनलेले असतात? जर्मनीचे हर्मन स्टाउडिंगर म्हणत होते की हे रेणू म्हणजे हजारो दुव्यांच्या लांबच लांब साखळ्या आहेत. बऱ्याच मोठमोठ्या शास्त्रज्ञांना ते पटत नव्हतं. त्यांच्या मते ते छोट्या रेणूंचे गठ्ठे होते, कसल्याशा वेगळ्याच ओढीने चिकटून बसलेले.

कॅरोथर्स यांनी वादात पडण्याऐवजी साखळी स्वतःच बनवायची ठरवली, एकेक दुवा जोडत, रोजच्या ओळखीच्या रासायनिक क्रिया वापरून. रेल्वेच्या डब्यांसारखं समजा. दोन्ही टोकांना कपलिंग असलेलं एक आम्ल घ्यायचं, दोन्ही टोकांना कपलिंग असलेलं एक अल्कोहोल घ्यायचं आणि डबे जोडत जायचं. अशा जोडणीतून जे तयार होतं ते पॉलिएस्टर.

अडचण पाण्याची होती. प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. तो तिथेच राहिला तर तो जोडणी पुन्हा तोडतो. त्यामुळे साखळ्या एका लांबीच्या पुढे जाईनात. शेवटी अगदी कमी दाबाखाली तापवून हे पाणी काढून घेणारं एक खास उपकरण वापरलं, तेव्हा गाडी पुढे सरकली.

एप्रिल १९३० हा महिना विलक्षण होता. कॅरोथर्स यांच्या गटातले आर्नल्ड कॉलिन्स यांच्या हाती रबरासारखा एक गोळा लागला. तेच पुढे निओप्रीन म्हणून बाजारात आलं. आणि त्याच महिन्यात ज्युलियन हिल यांनी तापलेल्या भांड्यात काच बुडवून वर ओढली, तर तिच्याबरोबर तार निघाली.

दिवाळीत लाडवांसाठी पाक करताना आई बोटांत धरून बघते ना, एकतारी झाला का दोनतारी? तसंच. फक्त ही तार तुटेना. थंड झाल्यावर हाताने ताणली तर ती लांब होत गेली, चकाकायला लागली आणि आधीपेक्षा कितीतरी मजबूत झाली. कॅरोथर्स जागेवर नसताना हिल आणि सहकाऱ्यांनी तारेचं एक टोक धरून व्हरांड्यात धावत ती किती ताणली जाते ते पाहिलं, असा किस्सा सांगतात.

ताणल्यावर मजबूत का झाली? कारण साखळ्या आधी नूडल्ससारख्या गुंतलेल्या असतात. ओढल्या की त्या विंचरलेल्या केसांसारख्या एका दिशेला लागतात आणि भार सगळ्या मिळून घेतात. आज तुम्ही घेता ती प्रत्येक सिंथेटिक दोरी कारखान्यात अशीच ताणलेल्या तंतूंची असते.

पण या पॉलिएस्टरमध्ये एक मोठी खोट होती. ते शंभर अंशांच्या आतच मऊ पडायचं. गरम पाण्यात धुतलं की संपलं. कापडासाठी त्याचा उपयोग नव्हता. कॅरोथर्स यांनी शोधनिबंध लिहिले, धागा बाजूला ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागले.

१९३४: नैराश्य आणि नवा धागा

दरम्यान स्टाइन यांना बढती मिळाली होती आणि त्यांच्या जागी एल्मर बोल्टन आले होते. शुद्ध विज्ञान वगैरे ठीक आहे, पण विकता येईल असं काय आहे, असा त्यांचा सरळ हिशेब. जगभर मंदी होती. बोल्टन यांनी धाग्याचा विषय पुन्हा काढायला लावला.

या वेळी कॅरोथर्स यांनी कपलिंग बदललं. अल्कोहोलच्या जागी अमाइन आणलं. यातून होणाऱ्या साखळ्यांना पॉलिअमाइड म्हणतात. त्यांचं वैशिष्ट्य असं की शेजारशेजारच्या साखळ्या ठरावीक अंतरावर एकमेकींचा हात धरतात. हायड्रोजन बंध म्हणतात तो हाच. असे हजारो हात सोडवायला खूप उष्णता लागते, म्हणजे कापड गरम पाण्याला पुरून उरणार. २४ मे १९३४ रोजी डोनाल्ड कॉफमन यांनी असा पहिला चांगला धागा ओढला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कॅरोथर्स एकाएकी गायब झाले. कोणालाच पत्ता नव्हता. नंतर ते बाल्टिमोरजवळच्या एका मानसोपचार केंद्रात सापडले. बरं वाटल्यावर पुन्हा कामावर आले.

२८ फेब्रुवारी १९३५ ला गेरार्ड बर्शे यांनी कॅरोथर्स यांच्या मार्गदर्शनाखाली नायलॉन ६,६ बनवलं. दोन्ही घटकांत कार्बनचे सहा-सहा अणू, म्हणून ६,६. ते वितळतं साधारण २६५ अंशांना आणि त्याचा कच्चा माल कोळशापासून मिळणाऱ्या बेन्झीनमधून काढता येणार होता. बोल्टन यांनी पुढे न्यायला हेच निवडलं.

बाहेरून पाहणाऱ्याला हा यशाचा कळस वाटेल. १९३६ च्या फेब्रुवारीत कॅरोथर्स यांनी ड्युपाँमध्येच काम करणाऱ्या हेलन स्वीटमन यांच्याशी लग्न केलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसवर त्यांची निवड झाली. उद्योगात काम करणाऱ्या सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. त्यांच्या गटात तेव्हा पॉल फ्लोरी नावाचा एक तरुण होता, त्याला पुढे १९७४ चं नोबेल मिळालं.

कॅरोथर्स यांना स्वतःला मात्र आपण शास्त्रज्ञ म्हणून अपयशी ठरलो असं वाटत होतं. आता आपल्याला काही सुचणार नाही ही भीती त्यांना सोडत नव्हती. निवडीनंतर दोन महिन्यांत त्यांना फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं. त्या काळी नैराश्यावर आजच्यासारखी औषधं नव्हती. जानेवारी १९३७ मध्ये त्यांची सर्वांत जवळची बहीण इझोबेल न्यूमोनियाने गेली. ती अमेरिकेत रेडिओवर लोकप्रिय होती आणि कॅरोथर्स यांचा तिच्यावर फार जीव होता. या धक्क्यातून ते सावरले नाहीत. २९ एप्रिल १९३७ रोजी, एक्केचाळिसाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, त्यांनी आत्महत्या केली.

(नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तुम्हाला किंवा तुमच्या जवळच्या कोणाला गरज असेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर कधीही फोन करता येतो.)

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हेलन यांना मुलगी झाली, जेन. वडिलांनी तिला पाहिलं नाही. नायलॉन हा शब्दही त्यांनी कधी ऐकला नाही. तो त्यांच्या मृत्यूनंतर ठरला आणि २७ ऑक्टोबर १९३८ ला जगासमोर आला. न्यूयॉर्क आणि लंडनची अक्षरं जोडून हे नाव केलं असं फॉरवर्ड तुम्हाला आलं असेल, तर ते खोटं आहे.

स्टॉकिंगपासून पॅराशूटपर्यंत

नायलॉन आधी टूथब्रशच्या दातऱ्यांत आलं, मग बायकांच्या स्टॉकिंग्जमध्ये. १५ मे १९४० ला अमेरिकाभर विक्री सुरू झाली तेव्हा दुकानांसमोर रांगा लागल्या. पण जपानशी संबंध तुटले, रेशीम यायचं थांबलं आणि पॅराशूटसाठी दुसरा धागा हवा झाला. १९४२ पासून नायलॉन सैन्याकडे वळलं. पॅराशूट, विमानांचे टायर, ग्लायडर ओढायचे दोर.

पॅराशूटला नायलॉन इतकं का मानवलं, हे समजलं की अर्धी दोरी समजली. छत्री उघडते तेव्हा जबर झटका बसतो. न ताणणारी दोरी असेल तर तो सगळा झटका माणसाच्या अंगावर येईल. नायलॉन लांब होतं आणि झटका गिळतं. गिर्यारोहक पडला तर त्याला झेलणारा दोर आजही याच कारणाने नायलॉनचा असतो.

पॅराकॉर्ड म्हणजे त्या छत्रीच्याच दोऱ्या. हल्ली सगळीकडे दिसणारी ५५० पॅराकॉर्ड म्हणजे किमान ५५० पौंड, म्हणजे जवळपास २५० किलो भार घेईल अशी. बाहेर विणलेलं आवरण, आत सात किंवा जास्त पदर. आणि अमेरिकी लष्कराच्या मापदंडानुसार तुटण्याआधी ती किमान ३० टक्के लांब झाली पाहिजे.

आता हीच दोरी टार्पला बांधा. इथे झटका नाही, इथे रात्रभराचा एकसारखा ताण आहे. त्यात पाऊस. मघाशी बघितलं की नायलॉनच्या साखळ्या एकमेकींचा हात धरतात. पाण्याच्या रेणूला नेमकी तीच जागा आवडते. तो दोघींच्या मध्ये घुसतो आणि हात सैल करतो. पूर्ण भिजलेलं नायलॉन ६,६ स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी पितं, ओली दोरी साधारण १० ते १५ टक्के ताकद गमावते आणि जास्त ताणली जाते. माझ्या पोटावरचं तळं हे असं तयार झालं. ज्या गुणामुळे नायलॉन गरम पाण्यातून वाचलं, त्याच गुणामुळे ते थंड पाणी पितं.

गंमत म्हणजे पूर्वीच्या कापसाच्या किंवा तागाच्या दोऱ्यांचं उलटं होतं. त्या भिजल्या की फुगून आखडायच्या, म्हणून पाऊस येणार दिसला की तंबूच्या दोऱ्या सैल कराव्या लागायच्या.

बाजूला ठेवलेला धागा परत आला

कॅरोथर्स यांचे निबंध इंग्लंडमध्ये जॉन रेक्स व्हिनफिल्ड यांनी वाचले होते. १९४१ मध्ये त्यांनी आणि जेम्स डिक्सन यांनी त्याच पॉलिएस्टरमध्ये एक बदल केला. सरळसोट आम्लाऐवजी बेन्झीनचं कडं असलेलं टेरेफ्थॅलिक आम्ल घेतलं. त्या कड्याने साखळी ताठ झाली आणि वितळण्याचा बिंदू २६० अंशांच्या आसपास गेला. टेरिलीन ते हेच. आपल्याकडच्या टेरिकॉट शर्टातलं टेरी इथलंच.

या पॉलिएस्टरमध्ये पाण्याला धरायला हात जवळपास नाहीतच. हवेतली ओल ते अर्ध्या टक्क्याच्या आसपासच घेतं. नायलॉनपेक्षा बरंच कमी ताणलं जातं आणि उन्हालाही जास्त टिकतं. म्हणून टार्पला दोन-तीन मिलिमीटरची विणलेली पॉलिएस्टर दोरी घ्या. झाडाभोवती हॅमॉकचा जो पट्टा जातो तोही पॉलिएस्टरचाच, किमान अडीच सेंटिमीटर रुंद. बारीक दोरी सालीत रुतते आणि झाडाला जखम करते. नायलॉनचा पट्टा घेतलात तर रात्री कमरेएवढ्या उंचीवर झोपाल आणि पहाटे जमिनीला टेकाल.

हॅमॉकच्या बाबतीत दोरीपेक्षाही महत्त्वाचा आहे कोन. इथे लोक चुकतात आणि पडतात. तुमचं वजन ७० किलो धरू. झोपल्यावर दोन्ही बाजूंच्या दोऱ्या आडव्या रेषेशी ३० अंशांत असतील, तर प्रत्येक दोरीवर ७० किलो ताण येतो. हॅमॉक छान ताठ दिसावा म्हणून तो कोन १० अंशांवर आणला की प्रत्येक बाजूला सुमारे २०० किलो. ५ अंशांवर ४०० किलो. वजन तेच, माणूस तोच. आता २५० किलोच्या पॅराकॉर्डला गाठ मारलीत, तर गाठीपाशी तिची ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही कमी होते. म्हणजे उरले १६०-१७० किलो. वर तुम्ही धप्पकन बसणार. हिशेब तुम्हीच करा. पॅराकॉर्डवर सामान टांगा, माणूस टांगू नका. हॅमॉक थोडा झोळीसारखा लोंबू द्या, पाठीलाही तेच बरं.

डायनिमाबद्दल थोडंच सांगते. तीही साखळीच, पॉलिएथिलीनची, फक्त अतिशय लांब आणि जवळजवळ पूर्ण सरळ केलेली. बारीक, हलकी, पाणी न पिणारी आणि भाराखाली जेमतेम लांबणारी. पण ती गुळगुळीत असल्यामुळे साध्या गाठी सरकतात, म्हणून तिचं टोक तिच्यातच ओवून फास करतात. शिवाय ती १४५ अंशांच्या आसपास वितळते, तेव्हा शेकोटी आणि स्टोव्हपासून लांब. महागही आहे.

आणि हार्डवेअरच्या दुकानात नायलॉन म्हणून जी चकचकीत रंगीत दोरी मिळते, ती बऱ्याचदा नायलॉन नसतेच, पॉलिप्रॉपिलीन असते. तुकडा बादलीत बुडवून आतली हवा दाबून काढा. नायलॉन आणि पॉलिएस्टर तळाला जातात, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. ते उन्हात लवकर कुजतं, त्याच्यावर झोपायचा विचारही नको.

माझ्या टार्पला आता पॉलिएस्टर आहे. जुनी पॅराकॉर्ड बाल्कनीत कपडे वाळत घालायला बांधली आहे. ओल्या जीन्स टाकल्या की मध्ये खाली येते.